भिंगांवर उभें राहिलेलें शहर

विद्यार्थिमित्रांनो, जीवशास्त्राच्या तासाला कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवून तुम्ही त्यांतील पेशी पाहतां, वहींत आकृति काढतां आणि घंटा होतांच निघून जातां. ज्या यंत्रांतून पाहिलें त्या यंत्राकडे पाहण्याचें मात्र कोणाच्या मनांत येत नाहीं. माझेंही तुमच्या वयांत तसेंच होतें. मी महाविद्यालयांत असतांना आमच्या प्रयोगशाळेंत एक जुनें पितळी यंत्र होतें व त्याच्या नळीवर 'कार्ल झाइस, येना' अशीं अक्षरें रोमन लिपींत कोरलेलीं होतीं. येना हें कार्ल झाइसच्या पत्नीचें नांव असावें, अशी आम्हां मुलांची पुष्कळ दिवस समजूत होती. अखेर प्राध्यापकांनीं एकदां नकाशा पसरून दाखविला, तेव्हां कळलें कीं, तें जर्मनीच्या मध्यभागीं थुरिंगिया प्रांतांत वसलेल्या एका गांवाचें नांव आहे.

त्या गांवाची हकीकत सांगण्यास एक निमित्त झालें. गेल्या वर्षींच्या पालकसभेनंतर एक गृहस्थ मला भेटले. त्यांचें किराणा मालाचें दुकान आहे; मुलगा हुशार आहे व त्यास पदार्थविज्ञान शिकून पुढें संशोधन करावयाचें आहे. ते म्हणाले, "सर, संशोधनानें नांव होत असेल, पण चूल पेटते का? आणि पेटलीच तर ती एका माणसाची पेटते. गांवाला त्याचा काय उपयोग?" प्रश्न रास्त होता, आणि मला त्या वेळीं समाधानकारक उत्तर देतां आलें नाहीं. घरीं जातां जातां ती पितळी नळी आठवली.

येना गांव चुनखडीच्या टेकड्यांमधील एका अरुंद खोऱ्यांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथें जेमतेम कांहीं हजार वस्ती होती. कोळशाची खाण नव्हती, लोखंड नव्हतें. आगगाडी तर १८७४ सालीं आली. उद्योगधंद्यास जें जें लागतें म्हणून भूगोलाच्या पुस्तकांत आपण पाठ करतों, त्यांपैकीं तेथें जवळजवळ कांहींच नव्हतें. होतें तें एक विद्यापीठ, १५५८ सालीं स्थापन झालेलें. शिलर हा कवि तेथें इतिहास शिकवीत असे आणि हेगेल तत्त्वज्ञान. पण कवि व तत्त्वज्ञ यांच्या योगानें कारखाने निघाल्याचें कोणी ऐकलें नसेल. मात्र विद्यापीठ म्हटलें कीं तेथें तराजू, उष्णतामापक, भिंगें यांची गरज असावयाचीच, आणि तीं बनविणारा व दुरुस्त करणारा कारागीर गांवांत लागावयाचाच.

कार्ल झाइस हा असा कारागीर होता. शेजारच्या वायमार गांवीं १८१६ सालीं त्याचा जन्म झाला. विद्यापीठासाठीं उपकरणें करणाऱ्या एका यांत्रिकाजवळ त्यानें उमेदवारी केली, विद्यापीठांतील कांहीं व्याख्यानेंही ऐकलीं आणि १८४६ सालीं येना येथें आपलें लहानसें दुकान थाटलें. चष्मे विकावे, तराजू दुरुस्त करावे, सांगेल तें उपकरण करून द्यावें, असा त्याचा धंदा होता. वनस्पतींचीं शरीरें पेशींचीं बनलेलीं असतात असें प्रतिपादन करणारा श्लायडेन हा त्या वेळीं तेथें प्राध्यापक होता. त्याला चांगल्या सूक्ष्मदर्शकांची निकड होती, व त्याच्याच आग्रहानें झाइसनें तीं यंत्रें करावयास घेतलीं. ज्याला माल हवा तो विद्वान आणि ज्यानें माल करावयाचा तो कारागीर हे दोघे एकमेकांच्या हांकेच्या अंतरावर राहत होते, ही गोष्ट लक्षांत ठेवा. पुढील साऱ्या हकीकतीचें बीज तींत आहे.

त्या काळीं चांगलें भिंग कसें होई? कारागीर कांच घांशी, दोन-तीन भिंगें नळींत बसवून पाही, प्रतिमा अस्पष्ट आली तर एक काढून दुसरें घाली, पुन्हा पाही. अनुभवी हातांना हें साधे. पण आज साधलें तें उद्यां साधेलच याची खातरी नसे. झाइस कामाच्या बाबतींत फार कडक होता. मनासारखें न उतरलेलें यंत्र तो स्वतः ऐरणीवर ठेवून हातोड्यानें फोडून टाकी असें सांगतात. परंतु फोडून टाकल्यानें दुसरें चांगलें होत नाहीं, हें त्यालाही कळत होतें. भिंगाची वक्रता आणि जाडी आधीं कागदावर हिशेबानें काढतां आली पाहिजे, म्हणजे मग हात नेमका तेवढाच चालेल, असें त्याला वाटूं लागलें. स्वतःस तेवढें गणित येत नव्हतें. तेव्हां १८६६ सालीं, पन्नाशीला आलेला हा कारागीर विद्यापीठांतील सव्वीस वर्षांच्या एका तरुण अध्यापकाकडे गेला. त्याचें नांव अर्न्स्ट आबे.

आबेचें बालपण तुम्हीं ऐकण्यासारखें आहे. त्याचा बाप आइझेनाख येथें सुताच्या गिरणींत कामाला होता. दिवस चौदा-पंधरा तासांचा, काम फार असलें कीं सोळाचा. जेवणास सुटी नाहीं. लहानगा अर्न्स्ट किंवा त्याची बहीण दुपारीं भांडें घेऊन गिरणींत जाई. बाप यंत्राला टेकून उभ्या उभ्या, कसेंबसें चार घांस पोटांत ढकली, रिकामें भांडें मुलाच्या हातीं देई आणि पुन्हा कामाला लागे. धिप्पाड देहाचा तो माणूस चाळिशी संपतां संपतां म्हातारा दिसूं लागला होता. हें चित्र आबे जन्मभर विसरला नाहीं. गिरणीच्या मालकानेंच या हुशार मुलाच्या शिक्षणास मदत केली, आणि गिरणीकामगाराचा मुलगा गणिताचा व पदार्थविज्ञानाचा अध्यापक झाला.

आतां खरी मौज पुढेंच आहे. आबेनें कित्येक वर्षें हिशेब केले, भिंगाचे सारे ज्ञात दोष कमी होतील असा बेत आंखला, आणि त्या मापानें भिंगें तयार झालीं. पण तीं जुन्या, हातअंदाजानें केलेल्या भिंगांहून वाईट निघालीं! प्रतिमा स्वच्छ दिसे, पण अगदीं बारीक रेघा, ज्या जुन्या भिंगांतून स्पष्ट दिसत, त्या नाहींशा होत. विद्यार्थ्यांनो, तुमचें एखादें गणित चुकलें तर उत्तर पाहून वाट शोधण्याची तुम्हांस घाई होते. येथें पुस्तकाच्या शेवटीं उत्तर छापलेलें नव्हतें. दुकानाचे पैसे तर खर्च होत होते.

आबेनें चूक झांकली नाहीं. ती चूकच त्यानें अभ्यासाला घेतली. दोष कमी व्हावेत म्हणून त्यानें भिंगांत शिरणाऱ्या प्रकाशकिरणांचा कोन अरुंद ठेवला होता. त्याला आढळलें कीं, प्रकाश अगदीं जवळजवळच्या रेघांतून जातांना सरळ जात नाहीं. तो दोन्ही बाजूंना फांकतो. यास विवर्तन म्हणतात. रेघा जितक्या जवळ तितका प्रकाश अधिक फांकतो. हे बाजूला गेलेले किरण भिंगानें आंत घेतले नाहींत, तर त्या रेघांची बातमी डोळ्यांपर्यंत पोंचतच नाहीं. मग कांच कितीही निर्दोष असो. बारीक वस्तु दिसण्यास भिंगाचें तोंड रुंद हवें. १८७३ सालीं त्यानें हा सिद्धांत प्रसिद्ध केला, आणि त्यांतूनच दुसरी एक कठोर गोष्ट निघाली: दृश्य प्रकाशानें पाहावयाचें तर सुमारें अर्ध्या तरंगलांबीहून जवळ असलेले दोन बिंदु वेगळे दिसणारच नाहींत. म्हणजे एका मिलिमीटरचे पांच हजार भाग केले तर जवळजवळ त्यांतील एक भाग, ही सूक्ष्मदर्शकाची हद्द. कारागिराला कोठपर्यंत धांवावयाचें आणि कोठें थांबावयाचें, दोन्ही कळलें.

त्यानंतर प्रगति झपाट्यानें झाली. १८७८ सालीं भिंग व वस्तु यांच्यामध्यें हवेऐवजीं तेलाचा थेंब घालून पाहण्याचें भिंग झाइसच्या कारखान्यानें तयार केलें. रॉबर्ट कॉख या डॉक्टरानें येनाचीं हीं भिंगें आणि आबेनें योजलेली प्रकाश एकवटण्याची रचना वापरली. १८८२ सालीं त्यानें क्षयाचा जंतु जगापुढें मांडला, आणि १८८४ सालीं कलकत्त्यास येऊन तेथील तळ्यांच्या पाण्यांत पटकीचा जंतु दाखविला. आपल्या देशांत पटकीनें गांवेंच्या गांवें ओस पडत. तो शत्रु कोण हें ज्या भिंगांनीं दाखविलें तीं एका खेड्यावजा गांवीं घांसलेलीं होतीं. सूक्ष्मदर्शकाच्या या सुधारणांवर आबेनें पेटंट घेतलें नाहीं. शास्त्राचीं साधनें सर्वांस मोकळीं असावींत असें त्याचें मत होतें. तरीही गिऱ्हाईक येनालाच येई, कारण सिद्धांत सर्वांना वाचतां येत असला तरी त्याबरहुकूम घांसणारे हात तेथेंच होते.

एक अडचण राहिली, ती कांचेची. कांचेंतून जातांना निरनिराळ्या रंगांचे किरण कमीअधिक वांकतात, म्हणून प्रतिमेच्या कडेला रंगीत झालर दिसते. दोन जातींच्या कांचा जोडून ती बरीच घालवितां येते. पण त्या वेळीं मिळणाऱ्या जाती थोड्या, आणि त्यांनीं ती पुरती जात नसे. नवी कांच हवी होती, आणि कांच ओतणारे लोक जुन्या पाकक्रियेपलीकडे जात नव्हते. १८७९ सालीं ओट्टो शॉट या तरुण रसायनज्ञानें आबेला पत्र लिहिलें कीं, मीं लिथियम घालून एक कांच केली आहे, ती तपासून पाहावी. तो खिडक्यांच्या कांचा करणाऱ्या घराण्यांतला होता. ती कांच उपयोगाची निघाली नाहीं. पण आबेनें उत्तर लिहिलें, आणि दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. शॉट आपल्या गांवीं लहान लहान मुशींतून एकेक नवें द्रव्य घालून कांच वितळवी व नमुना पाठवी. आबे त्याचे गुण मोजून कळवी. वाळू, सोडा, पोटॅश, चुना व शिसें यांपलीकडे जाऊन बोरॉन, बेरियम, फॉस्फरस अशीं द्रव्यें त्यानें क्रमानें तपासलीं. १८८२ सालीं शॉट येना येथें राहावयास आला आणि १८८४ सालीं झाइस, त्याचा मुलगा, आबे व शॉट यांनीं मिळून कांचेची प्रयोगशाळा काढली. प्रशियाच्या सरकारनें तिला पैशाची मदत केली. दोन वर्षांनीं तिनें ४४ जातींच्या कांचांची यादी छापली. त्यांतील कित्येक त्यापूर्वीं जगांत कोठेंही नव्हत्या.

आतां पैशाकडे येऊं, कारण आमच्या दुकानदार गृहस्थांचा प्रश्न पैशाचा होता. भिंगाची कांच थोडी लागते. तिच्यावर मोठा कारखाना चालत नाहीं. परंतु त्याच अभ्यासांतून बोरॉनची एक कांच निघाली, जी तापवून एकदम गार केली तरी तडकत नसे. ज्यांच्या घरीं कंदील असत त्यांना ठाऊक आहे कीं, तापलेल्या चिमणीवर पाण्याचा थेंब पडला कीं काय होतें. त्या सुमारास युरोपांत वायूच्या नव्या प्रखर दिव्यांचा प्रसार होत होता, आणि त्यांना अशीच चिमणी हवी होती. शॉटच्या चिमण्या लक्षावधि खपल्या. रस्त्यावरच्या दिव्यांनीं प्रयोगशाळेचा खर्च चालविला, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं. १८६६ सालीं झाइसकडे वीसेक माणसें होतीं. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीस सुमारें पांच हजार होतीं. त्यांच्या मागोमाग सुतार, छापखाने, घरें बांधणारे, खानावळी, दुकानदार आले. वाळू कवडीमोल, पण तिच्यांत घातलेल्या विचाराची किंमत सारें जग देत होतें.

१८८८ सालीं कार्ल झाइस वारला. कारखाना आबेच्या हातीं आला व तो मोठा धनवान झाला. येथें त्यानें जें केलें तें माझ्या मतें त्याच्या सिद्धांताहून लहान नाहीं. १८८९ सालीं त्यानें एक न्यास स्थापिला, त्याला स्वतःचें नव्हे तर झाइसचें नांव दिलें, आणि १८९१ सालीं आपला सारा हिस्सा त्याच्या स्वाधीन केला. माझी एकट्याची बुद्धि या संपत्तीचें कारण नाहीं. विद्यापीठाचें ज्ञान आणि कामगारांचे हात यांची ती मिळकत आहे, असा त्याचा विचार होता. म्हणून नफ्यांतील भाग विद्यापीठास जाऊं लागला, व कामगारांस पगारी रजा, निवृत्तिवेतन आणि नफ्यांत वांटा मिळूं लागला. सर्वांत वरच्या अधिकाऱ्याचें वेतनही सामान्य कामगाराच्या सरासरी मिळकतीच्या दसपटीहून अधिक असूं नये, आणि नेमणूक करतांना माणसाचा धर्म, कुळ किंवा पक्ष पाहूं नये, असे नियम त्यानें १८९६ सालीं लिहून ठेवले. गांवांत सर्वांसाठीं मोफत वाचनालयही उघडलें.

१९०० सालीं त्यानें कामाचे तास नऊचे आठ केले. बापाची आठवण होतीच. पण केवळ दयेनें केलेली गोष्ट टिकत नाहीं हें तो जाणून होता, म्हणून त्यानें मोजमाप केलें. तुम्हीही करून पाहा. नऊ तासांचें काम आठ तासांत उरकावयाचें तर दर तासाला काम एक अष्टमांशानें, म्हणजे शेंकडा साडेबारा, वाढलें पाहिजे. नगावर मजुरी घेणाऱ्या २३३ कामगारांचा वर्षापूर्वींचा व नंतरचा हिशेब त्यानें ताडून पाहिला. दर तासाचें काम शेंकडा १६.२ वाढलें होतें. म्हणजे तास कमी होऊनही दिवसाचें काम शेंकडा तीनानें अधिकच झालें. भिंग तपासावें तसें त्यानें माणसाच्या थकव्याचें गणित तपासलें. १९०५ सालीं तो वारला.

येथेंच थांबलों असतों तर ही हकीकत गोड झाली असती, पण अर्धवट राहिली असती. जें भिंग जंतु दाखवितें तेंच तोफेला नेम दाखवितें. दोन्ही महायुद्धांत येनाच्या कारखान्यांनीं दुर्बिणी व नेम धरण्याचीं उपकरणें सैन्यास पुरविलीं, आणि दुसऱ्या महायुद्धांत परदेशांतून धरून आणलेल्या माणसांकडून तेथें सक्तीनें काम करून घेण्यांत आलें. ज्या न्यासाच्या नियमांत धर्म व कुळ पाहूं नये असें लिहिलें होतें, त्याच्याच कारखान्यांत हें घडलें. चांगला नियम लिहून ठेवला म्हणजे तो आपोआप पाळला जातो असें नाहीं.

१९४५ च्या एप्रिलांत अमेरिकन सैन्य येना येथें आलें. तो प्रांत लवकरच रशियाकडे जावयाचा होता. निघतांना अमेरिकनांनीं कारखाना उचलून नेला नाहीं. शंभराहून अधिक शास्त्रज्ञ, अभियंते व कांच करणारे, त्यांचीं कुटुंबें व कागदपत्रें तेवढीं नेलीं. पुढल्या वर्षीं रशियनांनीं बहुतेक यंत्रसामग्री नेली व तिच्याबरोबर सुमारें तीनशें तज्ज्ञही. पश्चिमेकडे गेलेल्यांनीं ओबरकोखेन या खेड्यांत नवा झाइस कारखाना उभारला, व कांच करणाऱ्यांनीं माइंत्स येथें शॉटचा. मागें राहिलेल्यांनीं रिकाम्या भिंतींत पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला, आणि कांहीं वर्षांत येनाचीं यंत्रें पुन्हा जगभर जाऊं लागलीं. १९२३ सालीं तारांगणाचें पहिलें यंत्र येनाच्याच कारखान्यानें केलें होतें. १९६० नंतर कलकत्त्याच्या बिर्ला तारांगणांत बसलें तेंही येनाचेंच. यंत्रें नेलीं तरी धंदा मरत नाहीं, माणसें नेलीं तर तो दुसरीकडे रुजतो, आणि शिकलेलीं माणसें थोडीं तरी उरलीं तर मूळ ठिकाणींही फुटतो, असें या एका गांवीं दिसून आलें. मला तर हा एक मोठा प्रयोगच वाटतो, कोणीं न योजलेला.

पूर्व जर्मनीच्या राज्यांत हा सरकारी कारखाना फुगत गेला. जगाशीं उघडी स्पर्धा नव्हती. १९८८ सालीं तेथें संगणकाची एक चिप मोठ्या समारंभानें सादर झाली. पण अशा चिपा बाहेरच्या बाजारांत कितीतरी स्वस्त मिळत होत्या. १९९० सालीं दोन जर्मनी एक झाल्या आणि झांकलेला हिशेब उघडा पडला. हजारों कामगार घरीं बसले. पन्नाशी उलटलेल्या, जन्मभर भिंगें घांसलेल्या माणसाला 'आतां तुमची गरज नाहीं' असें सांगणें काय असतें, याची कल्पना करा. नंतर जें झालें त्यानें त्या माणसाचीं वर्षें परत आलीं नाहींत.

नंतर झालें तें असें. कारखान्याचा एक भाग पश्चिमेच्या झाइसनें घेतला, कांचेचा शॉटनें. उरलेल्यांतून येनऑप्टिक ही कंपनी निघाली व प्रांताच्या सरकारनें तींत पैसा घातला. त्याच वर्षांत गांवाजवळच्या टेकडीवर प्रकाशशास्त्राच्या आणि जीवशास्त्राच्या संशोधनसंस्था उभ्या राहिल्या, व १९९१ सालीं अभियंते तयार करणारी एक नवी उच्चशाळाही निघाली. तिला आज आबेचें नांव आहे. नोकरी गेलेल्या कित्येकांनीं लहान लहान कंपन्या काढल्या. आज येनाची वस्ती सुमारें एक लाख दहा हजार आहे, आणि प्रकाशशास्त्रावर चालणारे धंदे तिचा आधार आहेत. झाइस व शॉट या दोन्ही कंपन्या अद्याप त्याच न्यासाच्या मालकीच्या आहेत; मात्र त्यांच्या मुख्य कचेऱ्या येनाला परतल्या नाहींत.

आबेनें सांगितलेली हद्दही आतां ओलांडली गेली आहे. प्रकाशमान होणाऱ्या रेणूंचा युक्तीनें उपयोग करून तिच्याहून बारीक पाहणाऱ्या तीन शास्त्रज्ञांस २०१४ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. येनाच्या विद्यापीठाजवळ आबेचें स्मारक आहे. त्यावर तें जुनें सूत्र कोरलेलें आहे, आणि कोणीही तें खोडलेलें नाहीं.

ही हकीकत मीं त्या गृहस्थांना त्यांच्या दुकानांत बसून सांगितली. मधूनमधून गिऱ्हाइकें येत होतीं. ऐकून झाल्यावर त्यांनीं बोटांवर हिशेब केला. "१८४६ ला दुकान, १८७३ ला सिद्धांत. म्हणजे सत्तावीस वर्षें. तोंवर खर्च कशावर चालला?" मीं म्हटलें, "चष्म्यांवर, दुरुस्तीवर आणि हातअंदाजाच्या यंत्रांवर." त्यावर ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. त्यांचा मुलगा यंदा विज्ञानशाखेंत आहे. संध्याकाळीं दोन तास दुकानांत बसावयाचें, या अटीवर.